कापडाला विचारलेलं पाणी

म्हैसुरात लग्नाचा हॉल चालवणारा कुणीही सांगेल, की या बाईशी भाव ठरवायला बसायचं तर आधी जेवून यावं. मी लवकर उठत नाही आणि समोरच्यालाही उठू देत नाही. माझे वडील दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर मशीन मांडून ब्लाउज शिवायचे. पाऊस आला की मशीनवर स्वतःचा शर्ट टाकायचे. त्या पायरीवरून निघून मी शहराच्या कडेला, बोगादीला, स्वतःचं गोदाम बांधलं. त्यात मांडवाचं कापड, झालरी, टेबलांवर टाकायची कापडं, खुर्च्यांची कव्हरं, सगळा माल माझा. कुणी दिलेला नाही, कुणी मागे ठेवलेला नाही. हे सगळं आधी सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते एखाद्या भोळ्या बाईला झालं असं वाचणाऱ्याला वाटायला नको.

आमची माणसं या गावात कधी आली ते कुणालाच नीट ठाऊक नाही. विठ्ठल घेऊन आली, सुई घेऊन आली आणि भाषा घेऊन आली. विठ्ठल आणि सुई तशीच राहिली. भाषा इतकी वर्षं इथल्या पाण्यात भिजली की निम्मी कन्नड झाली. लिहायची मराठी मी मासिकं वाचून शिकले. घरात मात्र 'लवकर ये, जेवून घे' म्हणायचं तर आम्ही 'बेगा ये, ऊट करून घे' असंच बोलतो. पुण्याकडचा माणूस समोर आला की मी आधी गप्प बसायची. भावाच्या बाबतीत मी कुणासमोर गप्प बसले नाही, पण या एका बाबतीत बसायची.

मांडवाचं पांढरं कापड मशीनमध्ये धुता येत नाही. येतं म्हणतात, पण तसं धुतलेलं कापड दोन लग्नांत केविलवाणं दिसायला लागतं. लांबच लांब पट्टे असतात, त्यांना वाहतं पाणी लागतं, आपटायला दगड लागतो आणि पसरायला गवत लागतं. नरसीपूरच्या वाटेवर एक गाव आहे. त्याच्या कडेने एक ओढा जातो आणि पुढे कपिलेला मिळतो. कपिला नरसीपूरला कावेरीला मिळते, तिथे संगमावर लोक स्नानाला येतात. त्या ओढ्याच्या वळणावर मोठे सपाट दगड आहेत. गावातली धोब्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या त्या दगडांवर कपडे धूत आली. माझं सगळं कापड तिथे जायचं.

त्या घरांतली एक बाई माझ्याहून थोडी लहान. मला 'अक्का' म्हणायची. तोंडाने माझ्याहून तिखट. मी व्हॅनमधून गाठोडी उतरवली की ती नाकाला पदर लावायची आणि म्हणायची, "अक्का, तुमच्या लग्नांत लोक जेवतात की कापडावर लोळतात?" मी म्हणायची, "लोळतात म्हणून तू जेवतेस." मग ती गाठोड्यावर बसूनच भाव वाढवून मागायची. आमचं भांडण ऐकायला दगडांवरच्या बाकीच्या बायका हात थांबवायच्या. तिची सासू, तिच्या दोन जावा आणि ती स्वतः, सगळ्यांचा संसार त्या दगडांवर होता. माझ्या धंद्याचा पांढरेपणाही तिथूनच यायचा.

शहर वाढलं तसं शहराचं मैलापाणी वाढलं. कडेला असलेला शुद्धीकरणाचा प्रकल्प मोठा करायचं ठरलं. नव्या टाक्यांचं काम एका ठेकेदार कंपनीकडे होतं आणि त्या कंपनीचा इंजिनिअर कोल्हापूरकडचा होता. कामाच्या शुभारंभाच्या मांडवासाठी तो माझ्याकडे आला. आम्ही भावावरून बरंच ताणलं. मध्येच मला घरून फोन आला आणि मी फोनवर आमच्या मराठीत बोलले. त्याने पेन खाली ठेवलं.

"अहो, तुम्ही मराठी?"

"अल्वा, नाही तर काय? नावावरून कळलं नाही?"

"नाव कळलं. पण हे... ही कुठली मराठी?"

"इथली."

तो खदखदून हसला. मला राग यायला हवा होता, आला नाही. त्या दिवसापासून मी 'मावशी' झाले. तो एकटा राहायचा, खानावळीतल्या सांबाराला कंटाळलेला. एकादशीला आमच्या देवळात भजनाला येऊन बसायला लागला. आवाज बरा होता. टाळ त्याच्या हातात दिले तर म्हातारी मंडळी खूश. रविवारी माझ्याकडे जेवायला यायचा.

"मावशी, हे पिठलं आहे?"

"मग काय आहे?"

"छान आहे. पण यात खोबरं कुणी घातलं?"

"म्हैसूरने."

जेवता जेवता तो मला त्याचं काम समजावून सांगायचा. ताटावर बसून मैलापाण्याच्या गोष्टी, पण त्याच्या तोंडून ऐकताना किळस वाटायची नाही. सगळ्या शहराची घाण मोठ्या टाक्यांत येते. टाकीच्या तळातून यंत्राने हवा सोडतात. त्या हवेवर जंतू जगतात आणि ते जंतू घाण खातात. हवा चालू राहिली तर पाणी स्वच्छ होऊन बाहेर पडतं. हवा बंद पडली की जंतू मरतात, आणि मग आलं त्याहून वाईट पाणी पुढे जातं.

"म्हणजे सगळं विजेवर," मी म्हटलं.

"सगळं विजेवर."

"आणि बिल कोण भरतं?"

"मावशी, तुम्ही पहिल्यांदा बिलच विचारता."

त्याने उत्तर दिलं नाही हे मला तेव्हाही कळलं होतं. पण मी ते सोडून दिलं, कारण त्याने लगेच माझ्या वडिलांबद्दल विचारलं.

मग मी त्याला आमच्या घरची रीत सांगितली. आमच्यात मुलगी द्यायची असली, नवं घर घ्यायचं असलं, रंगवायची भट्टी कुठे लावायची असली, तर आधी तिथलं पाणी कापडाला विचारायचं. वडील असंच म्हणायचे, पाणी कापडाला विचार. धुतलेल्या मलमलीचा तुकडा घ्यायचा, खळ नसलेला. सकाळी पाण्यात बुडवायचा, उन्हं चढेपर्यंत ठेवायचा, मग न पिळता सावलीत वाळवायचा. पिवळा पडला तर पाण्यात लोखंड. करडा पडला तर घाण. कडक झाला तर चुना. आणि मुख्य म्हणजे त्या तुकड्यावर दुसरं पाणी घालायचं नाही, नाहीतर साक्ष बिघडते. माझ्या थोरल्या आत्याचं स्थळ वडिलांच्या वडिलांनी अशा तुकड्यावरून मोडलं होतं. त्या घरची विहीर पुढे बंदच करावी लागली.

तो लक्ष देऊन ऐकत होता. "मग तो तुकडा नंतर खरंच धुवायचा नाही?" असं त्याने दोनदा विचारलं. मला वाटलं, पोराला आपल्या रीतीची गोडी लागली.

नव्या टाक्यांचं शुद्ध केलेलं पाणी त्या ओढ्यात सोडायचं ठरलं आहे, हे मला त्याच्याकडून कळलं नाही. ते मला त्या धोबिणीच्या फोनवरून कळलं.

"अक्का, पाइपचा चर ओढ्यापर्यंत आला. आमच्या दगडांच्या वरच्या अंगाला. माझ्या नवऱ्याने त्यात ट्रॅक्टर आडवा घातला आहे."

"बरं केलं."

"साहेब आला आहे. तुमच्या भाषेतला. त्याला कन्नड येत नाही, आणि त्याच्या भाषेत आम्हाला शिव्या येत नाहीत. तुम्ही या."

मी गेले. करंजाच्या झाडाखाली गाव जमलं होतं, आणि मधोमध तो उभा होता, बूट चिखलाने भरलेले. मला पाहून त्याचा चेहरा असा खुलला की जणू मी त्याची सख्खी मावशी. तो म्हणाला, "सुटलो." मी म्हटलं, "अजून नाही सुटलास. इतके दिवस माझ्याकडे जेवलास, आणि हे बोलला नाहीस?"

"ऑफिसचं काम घरी कशाला आणायचं, मावशी?"

मी गावातर्फे बोलायला बसले. गावाची मागणी एकच होती आणि ती मी पुरती समजून घेतली होती. पाइपाचं तोंड वळणाच्या खाली न्या. दगडांच्या वर सोडू नका, दगडांच्या खाली सोडा. बाकी काही नको. मी त्याला ते सांगितलं. तो नकाशा उघडून नाही म्हणाला. मी नकाशाची घडी घातली आणि पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, पुन्हा मंजुरी लागेल. मी म्हटलं, घे. तो म्हणाला, वर्ष जाईल. मी म्हटलं, जाऊ दे, ट्रॅक्टरला काही घाई नाही. बराच वेळ आम्ही असे बोललो. अशा बोलण्यात मला मजा येते हे मी लपवत नाही. शेवटी त्याने कपाळाचा घाम पुसला.

"मावशी, पाइप माझ्या हातात नाही. पाणी माझ्या हातात आहे. पाइप खाली नेण्यापेक्षा मी तुम्हाला पाणीच असं देतो, की तुमचं कापड तुम्ही त्यात धुवाल."

"तोंडाने पाणी स्वच्छ होत नाही."

"मग कापडाला विचारा."

तो माझ्या वडिलांचा शब्द होता. परक्या गावात, शंभर माणसांसमोर, कोल्हापूरकडच्या स्वच्छ मराठीत. मी हसले. तोही हसला.

धोबिणीचा नवरा जवळ उभा होता. त्याने विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणतो, पाणी आधी तपासून घ्या, मग ट्रॅक्टर काढा."

"त्यात हसायला काय झालं?"

मी काय सांगणार होते? माझे वडील, मलमल, आत्याचं मोडलेलं स्थळ, हे सगळं कन्नडमध्ये उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. मी हात हलवून तो विषय बाजूला केला.

धंद्यातली माझी पद्धत अशी की पुढच्या वर्षीचं आश्वासन घ्यायचं नाही, आज हातात येतं ते घ्यायचं. पाइप म्हणजे वर्षानंतरचं आश्वासन होतं. पाणी आज तपासता येणार होतं. मी पाणी घेतलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी त्यांनी पाइप उघडला. पाणी आलं ते काचेसारखं. पांढऱ्या पट्टीवर धरून पाहिलं, रंग नाही. वास होता, पण तो कुठल्याही शिंप्याच्या ओळखीचा, नव्या पांढऱ्या ताग्याची गाठ सोडली की नाकाला लागतो तसा. आम्ही तो वास स्वच्छपणाचा म्हणूनच ओळखत आलो. मी वडिलांच्या पद्धतीने मलमलीचे तुकडे बुडवले, काही पाइपाच्या तोंडाशी, काही दगडांपाशी. उन्हं चढल्यावर काढले. करंजाच्या सावलीत, न पिळता, दुसरं पाणी न घालता वाळवले. सगळं गाव वाट बघत बसलं होतं. वाळलेला तुकडा मी डोळ्यांजवळ नेला. बुडवला त्याहून पांढरा झाला होता. इतकं चांगलं पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी तो तुकडा वर धरला आणि कन्नडमध्ये सांगितलं की पाणी चांगलं आहे.

ट्रॅक्टर निघाला.

पहिले काही आठवडे खरंच बरं चाललं. मग धोबीण म्हणाली, सकाळी फेस येतो. मी इंजिनिअरला फोन केला. "मावशी, पावसाचं पाणी मिसळलं असेल." मग टेबलांवरची कापडं काखेत घेतली की वास यायला लागला, इस्त्री फिरवल्यावर जास्त. मी फोन केला. "मावशी, एक यंत्र दुरुस्तीला गेलंय." मग झालरींवर करडी छटा, मग बायकांच्या हातांना खाज, बोटांच्या बेचक्यांत चिरा. मी फोन केला. तो म्हणाला, मीटिंगमध्ये आहे. मग त्याने फोन घेणंच सोडलं. एकादशीला देवळातही येईना.

ओढ्याचं पाणी काळं झालं. काळं म्हणजे सावलीत काळं नव्हे, उन्हात काळं. कडेचं गवत आधी भलतंच हिरवं झालं आणि मग झोपलं. जलपर्णी वळणापासून थेट कपिलेच्या तोंडापर्यंत पसरली, इतकी दाट की तिच्यावर कोंबडी चालावी. कपिलेत मिळतो तिथे ओढ्याची काळी पट्टी बरीच दूर वेगळी दिसायची, मग नदी तिला पोटात घ्यायची. मासे धरणारी दोन घरं होती, त्यांनी जाळी गुंडाळली. संगमावर मात्र लोक स्नान करतच होते, बाटल्या भरून नेत होते. आमच्या शेजारणीने तसली एक बाटली मला आणून दिली. मी ती हातात घेतली आणि तिला काही बोलले नाही.

धोबिणींनी कापड विहिरीवर न्यायला सुरुवात केली. विहीर ती किती पुरणार. माझा माल उशिरा यायला लागला, पिवळट यायला लागला. हॉलवाल्यांनी दुसरीकडून मागवलं.

इंजिनिअरसमोर ठेवायला म्हणून मी परीक्षेच्या दिवसाचे तुकडे शोधले. हा बघ तेव्हाचा, हा बघ आताचा, असं दाखवायचं होतं. कपाटात घडी करून ठेवले होते. एक उलगडला. घडीवर तो फाटला. मी ओढला नव्हता. दुसरा घेतला, तोही घडीवर सुटला, ओल्या कागदासारखा. तिसऱ्याची मी मुद्दाम किनार चिमटीत धरली, तर धागा धुळीसारखा निघाला.

कापडाच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे समजायला कुणी शिकवावं लागत नाही. ब्लीचिंग पावडर जास्त झाली आणि कापड नीट खंगाळलं नाही, तर कापड पांढरं शुभ्र दिसतं आणि आतून मरतं. त्या दिवशी पाइपातून पाणी नव्हतं आलं, ब्लीचिंग आलं होतं. पोत्यांनी ओतलं असणार. कापड घाण दाखवतं, पण घाण लपवायला घातलेलं ब्लीचिंग ते पांढरंच दाखवतं. आणि न धुता ठेवायचं, ही रीत त्याला ठाऊक होती. मीच ताटावर बसवून सांगितली होती. दोनदा विचारलं होतं त्याने.

प्रकल्पाच्या फाटकावर मला कुणी अडवलं नाही. मला आधी जाणवली ती शांतता. त्याच्या सांगण्याप्रमाणे तिथे यंत्रांचा आवाज दिवसरात्र असायला हवा होता. टाक्या स्थिर होत्या. त्यांच्यावर जाड साय धरली होती, आणि एका टाकीवर, मधोमध, कावळा चालत होता.

तो केबिनमध्ये होता. मला पाहून उभा राहिला. "या, मावशी."

मी तुकडे त्याच्या टेबलावर टाकले. "ओढ."

"काय हे?"

"ओढून बघ."

त्याने ओढला नाही. त्याला कळलं होतं. तो म्हणाला, "मावशी, क्लोरीन घालणं तर नियमातच आहे. त्या दिवशी थोडं जास्त पडलं असेल."

"आणि हवा? हवा का बंद आहे?"

"बिल वरून येत नाही. कंपनी म्हणते, अधिकारी यायचे असतील त्या दिवशी चालवा. मी काय करू? मला पगार कंपनी देते."

"तू माझ्याकडे जेवत होतास."

"म्हणून तर मी गावाशी भांडलो नाही. तुमच्यामार्फत सगळं शांततेत झालं." आणि मग, अगदी मऊ आवाजात, त्याने ते म्हटलं. "आणि मावशी, पाणी पास मी नाही केलं. तुम्ही केलंत. शंभर माणसांसमोर. वरिष्ठांनाही मी हेच सांगितलंय."

मी त्याला काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. सुरुवात मराठीत केली. पण माझी मराठी अशा कामाला अपुरी पडली, म्हणून पुढचं सगळं कन्नडमध्ये गेलं, आणि ते त्याला कळलं नाही. बाहेरच्या कामगारांना कळलं. ते खाली बघत उभे राहिले. मला आजही राग येतो तो याचा, की माझ्या सगळ्यात चांगल्या शिव्या त्या माणसापर्यंत पोचल्याच नाहीत.

तिथून मी थेट गावात गेले. धोबीण दगडांवर बसली होती, धूत काही नव्हती. मी तिला सगळं सांगितलं. ब्लीचिंग, बंद टाक्या, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"त्या दिवशी बारके मासे उलटे झाले होते," ती म्हणाली. "पाइपाच्या तोंडाशी. पांढरी पोटं वर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघं बोलत होता. तुमच्या भाषेत. हसत होता. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे, मेडम."

मी तिच्याकडे पाहिलं. ती मला टोचायला बोलली नव्हती. 'अक्का' जाऊन आलेला तो 'मेडम' तिच्या तोंडात आधीच बसला होता, याचा अर्थ माझ्यामागे घरात तो बरेच दिवस वापरात असणार. मी म्हटलं, "तुला वाटतं मी त्याच्याकडून काही घेतलं?" ती म्हणाली, "मला नाही वाटत." 'मला'वर तिने जोर दिला.

तो इंजिनिअर थोड्याच दिवसांत दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्या कामावर गेला. निरोप घ्यायला आला नाही. गावाने पुन्हा ट्रॅक्टर लावला, या वेळी प्रकल्पाच्या फाटकासमोर. तेव्हा वरून एक अधिकारी बोलणी करायला आला, इथलाच, कन्नड बोलणारा. पंचायतीच्या खोलीत बैठक ठरली. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेले. हातात ते फाटलेले तुकडे होते, आणि डोक्यात सगळं तयार होतं. कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं, काय सोडल्यासारखं दाखवायचं. पाइपाचं तोंड वळणाच्या खाली, दुसरं काही नाही. आता त्यांची चोरी उघड पडली होती. या वेळी मिळणारच होतं.

दारात धोबिणीचा नवरा होता.

"तुम्ही बाहेर बसा, मेडम."

"अरे, मला सगळं ठाऊक आहे. पुरावा माझ्याकडे आहे."

"ठाऊक आहे. बाहेर बसा. आत आम्ही बोलतो."

"तुम्हाला तो गुंडाळेल."

"गुंडाळू दे. आमच्या भाषेत गुंडाळेल."

मी माझ्या व्हॅनमध्ये बसले. खिडकी पंचायतीच्या खिडकीसमोरच होती, सगळं ऐकू येत होतं. अधिकारी चांगला बोलत होता, हळू, मान देऊन. झालं ते वाईट झालं म्हणाला. गावासाठी बोअरवेल देतो म्हणाला. दगडांऐवजी धुवायला सिमेंटचा मोठा कट्टा, वर पत्रा, नळ. मग तो थांबला. मला ती थांबण्याची जागा कळली. माणूस पहिला भाव सांगून असाच थांबतो. आता कुणीतरी म्हणायला हवं होतं, बोअरवेल राहू दे, पाइपाचं बोला. बोअरवेल घेतली की ओढा गेला. एकदा दुसरं पाणी स्वीकारलं की या पाण्यावर तुमचा हक्क कशाचा? हे लहान पोरालाही कळावं. मी आतल्या आत ओरडत होते, थांबा, त्याला बोलू द्या, तो वाढवेल.

आतून आवाज आला, "सरी." मग दुसऱ्याचा, "सरी, सरी." म्हणजे कबूल.

मी व्हॅनमधून उतरले. खिडकीपाशी गेले. धोबीण खिडकीजवळच बसली होती, बायकांच्या बाजूला. तिने मला पाहिलं, माझं तोंड उघडलेलं पाहिलं. ती उठली आणि खिडकीची दोन्ही दारं लावून घेतली. जोरात नाही, धूळ येते म्हणून लावतात तशी.

बैठक संपल्यावर लोक चहाला थांबले. धोबिणीला नरसीपूरपुढच्या सोसले गावी माहेरी जायचं होतं आणि बस गेली होती. ती माझ्या व्हॅनजवळ आली, दार उघडून पुढे बसली. सोडाल का, असंही विचारलं नाही. मी गाडी काढली. नरसीपूर जवळ आलं तसा काचेतून वास यायला लागला. पूर्वी संगमाच्या बाजूने येणारा वारा गार असायचा, एवढंच मला आठवतं.

"तुम्ही काय मागितलं असतं?" तिने विचारलं.

"पाइप. वळणाच्या खाली. दुसरं काही नाही."

"मिळालं असतं?"

"मिळालं असतं. तो थांबला होता. अजून बरंच द्यायची तयारी होती त्याची."

तिने मान हलवली. "होय. तुम्ही मिळवलं असतं. मलाही ठाऊक होतं, यांनाही ठाऊक होतं." ती पदराने बोटांच्या बेचक्या पुसत होती. चिरा अजून भरल्या नव्हत्या. "पण मग तो काहीतरी गोड बोलला असता, आणि तुम्ही पुन्हा आमच्याकडे वळून सांगितलं असतं, की पाणी चांगलं आहे. आणि आम्ही पुन्हा मानलं असतं. याचीच भीती होती, मेडम. त्या साहेबाची नाही, तुमची."

मी काच वर केली. वास आत आलेला तसाच राहिला.

संगमापाशी ती म्हणाली, "इथे उतरते, पुढे चालत जाईन." मी म्हटलं, अजून लांब आहे, ऊन आहे. तोपर्यंत तिने दार उघडलं होतं. घाटावर कुणाचं तरी श्राद्धकर्म चाललं होतं, आणि दोन बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून ओंजळीने पाणी डोक्यावर घेत होत्या. ती त्यांच्या मागून निघून गेली. मी तिथेच गाडी उभी करून त्या दोघींकडे बघत राहिले. पाणी चांगलं नाही, हे त्यांना सांगायला उतरावं असं मनात आलं. पण त्यांनी माझं का ऐकावं, हे मला सांगता आलं नसतं.